दोन बोटं सैल

दिगू,

मागच्या मंगळवारी पोलिसांनी तुझं हेल्मेट परत दिलं. पंचनाम्यापासून ते चौकीतच पडून होतं. तिथले जमादार मला ओळखतात, त्यांच्या विजारी मीच शिवतो. त्यांनी ते कपाटावरून काढलं, फडक्याने पुसलं आणि माझ्या हातात देत म्हणाले, "बगा मास्तर, एक चरा नाय. नवीकोरी वस्तू. ठेवा, घरात कुणाला तरी होईल." मी सही केली, ते पिशवीत घातलं आणि घरी न नेता दुकानात आणून ताग्यांच्या मागे ठेवून दिलं.

जमादारांनी कौतुकानं सांगितलं. मी मात्र तिथल्या बाकावर खाली बसलो. डोकं फुटलेलं आणि हेल्मेटला चरा नाही, याचा अर्थ एकच होतो. तू आपटलास तेव्हा ते तुझ्या डोक्यावर नव्हतं. आधी ते उडालं, मग तू पडलास. आणि ते का उडालं हे अख्ख्या रत्नागिरीत दोनच माणसांना ठाऊक होतं. एक स्पेअरपार्टवाले शफीचाचा आणि दुसरा मी, तुझा भावोजी.

तुझ्या ताईला ठाऊक नव्हतं. तिला सांगायचं की नाही, यात माझा महिना गेला. शेवटी सांगितलं. त्याचं काय झालं तेच तुला कळवायला बसलोय, पण एकदम तिथपर्यंत मला जाता येत नाही. माझी सवय तुला माहीत आहे. साधी बाही जोडायची तरी मी आधी चार वेळा कापडावरून हात फिरवतो आणि तू मागून म्हणायचास, "भावोजी, ती काय पळून जाणार हाय?"

तू आमच्याकडे आलास तेव्हा एकोणीस वर्षांचा होतास. गावातली तुझ्या बरोबरीची सगळी पोरं मुंबईला गेलेली. तुझीही वळकटी बांधून झाली होती. तुझ्या आईचा निरोप होता, पोराला दोन दिवस ठेवून घ्या, ताईच्या हातचं खाऊ दे, मग मुंबईच्या गाडीत बसवून द्या. ते दोन दिवस सात वर्षं चालले. मीच तुला जाऊ दिलं नाही. "तिथे कुणाच्या तरी खोलीत पाय दुमडून झोपण्यापेक्षा इथे माझ्या माळ्यावर पाय पसरून झोप," असं म्हणालो. त्यात माझा स्वार्थ होता. आम्हाला मूलबाळ नाही. संध्याकाळी दुकान बंद करून घरी आलो की मी, तुझी ताई शालन आणि भिंतीवरचं घड्याळ. तू आलास आणि घरात कुणीतरी भांडायला मिळालं.

तुझ्या आईने तेराव्याला मला याबद्दल एका शब्दाने विचारलं नाही. मुंबईला गेलेली सगळी पोरं येऊन तुझ्या फोटोसमोर बसून गेली. ती त्यांच्याकडे एकेक करून बघत होती. मला तिच्या नजरेला नजर देता आली नाही.

शिवणकाम शिकवायला घेतलं तेव्हा तू पहिल्या आठवड्यात तीन सुया मोडल्यास आणि एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या लावल्यास. मी ओरडलो तर म्हणालास, "त्याला सांगा, हात बदलून घे." मग तू रेडिओच्या दुकानात लागलास. पुढे गावात टीव्ही दिसायला लागला तसा तुझा धंदा जमला. अँटेना लावायला दिगूच पाहिजे, अशी ख्याती. कौलांवर तू मांजरासारखा चालायचास. आपल्या घरावर अँटेना बसवलीस तो रविवार मला अजून लख्ख आठवतो. तू वर, मी खिडकीत, ताई टीव्हीपुढे. तू वरून ओरडायचास, "दिसतंय काय?" ताई आतून म्हणायची, "मुंग्या." मी खिडकीतून, "मुंग्या!" तू दांडी फिरवायचास. "आता?" "आता बाई दिसतेय, पण एकीच्या दोन दिसतायत." तू वरून, "एक भावोजींना देऊन टाक!" ताईने तुला त्या दिवशी जेवताना दुसऱ्यांदा आमटी वाढली नाही. सगळी आळी हसत होती.

हे असलं काही आठवलं की मला आधी हसू येतं. मग लगेच आठवतं की हे ज्याच्याबरोबर आठवायचं तो गेला.

तर गाडी. गणपतीपुळ्याहून बोलावणी यायला लागली, मिरजोळ्याच्या कारखान्यांमधले साहेब लोक घरी बोलवायला लागले. एस.टी.त अॅल्युमिनियमच्या दांड्या न्यायच्या म्हणजे कंडक्टरशी रोजची हुज्जत. म्हणून तू जुनी मोटारसायकल घेतलीस. ती दारात उभी राहिली तेव्हा शालनने हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि किल्ली स्वतःच्या कमरेला खोचली. "डोक्याला टोपडं चढवल्याशिवाय ही गाडी दारातून हलायची नाय." हेल्मेटला ती टोपडंच म्हणायची. तुझ्या ओळखीतल्या कुणाकडे हेल्मेट नव्हतं. तू कुरकुरलास, लोक हसतील म्हणालास. ती म्हणाली, "हसूं देत. दातच दिसतील." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही जा ह्याच्याबरोबर. हा मेला काहीही उचलून आणील. मापातलं तुम्हाला कळतं."

मापातलं तुम्हाला कळतं. मला ते ऐकून बरं वाटलं होतं, दिगू. बायकोच्या तोंडून तेवीस वर्षांत असं कौतुक मी फार वेळा ऐकलेलं नाही.

वैशाख होता. दुपारी चारलाही अंगाचं पाणी होत होतं. निघताना मी गळ्यात टेप टाकलेलीच होती, ती तशीच राहिली. चाचांच्या दुकानात शिरल्यावर मी आधी तुला स्टुलावर बसवलं आणि कपाळाच्या वरून, कानांच्या वरून, मागच्या उंचवट्यावरून टेप फिरवून तुझ्या डोक्याचा घेर घेतला. बावीस इंच. चाचा हसत म्हणाले, "बावीस म्हंजे छप्पन्न सेंटीमीटर. बसा, काढतो." त्यांनी छप्पन्नाचं काढलं. तू ते घालायला लागलास तर कानांवर अडलं. चाचांनी पट्टे दोन्ही बाजूंना ताणून धरले आणि ते टपकन आत बसलं. तुझे गाल दाबले गेले, ओठ पुढे आले, बोलणं बोबडं झालं. मी पोट धरून हसलो. भोपळा बरणीत कोंबला की कसा दिसेल, असं मी म्हणालो. तू आरशात बघून स्वतःच हसलास.

चाचा हसले नाहीत. त्यांनी हेल्मेट दोन्ही हातांनी धरून डावीउजवीकडे हलवलं. तुझ्या कपाळाची कातडी त्याच्याबरोबर हलली. "बगा मास्तर," ते म्हणाले, "डोकं आणि ह्यो एक झाला पायजे. ह्याला घट्ट म्हणत नाय, बसलंय म्हणतात. पंधरा दिवसांत आतला कापूस दबतो, मग गाल सुटतात."

मी विचारलं, "याच्या वरचं?"

"अठ्ठावन्नाचा हाय. पण तो ह्याला नको."

"काढा तर."

ते त्यांनी काढलं. ते एका हाताने डोक्यावर गेलं, टोपीसारखं. तुझं तोंड पुन्हा माणसाचं झालं. मी पुढे झालो आणि जे मी गेली तीस वर्षं दिवसातून वीसदा करतो तेच केलं. कॉलरचं बटण लावून गिऱ्हाइकाच्या गळ्यात दोन बोटं घालून बघतो ना, तशी दोन बोटं तुझं कपाळ आणि हेल्मेट यांच्या फटीत सरकवली. बोटं गेली. आरामात गेली. "हे बरोबर," मी म्हणालो.

माझ्या गुरूने मला पहिली गोष्ट शिकवली होती ती हीच. कोकणात घाम असतो, कपडा अंगाला चिकटू द्यायचा नाही, दोन बोटं सैल ठेवायचं. अंगाचं माप आणि कपड्याचं माप एक नसतं. छत्तीस छातीला चाळीसचा सदरा. म्हणून बावीस इंचाच्या डोक्याला छप्पन्नाचं हेल्मेट मला चूकच वाटलं. मला वाटलं, या माणसाला शिवण्यातलं काही कळत नाही. त्याने अंगाचंच माप कपड्याला दिलंय.

चाचांनी मागून अठ्ठावन्नाच्या कडेला हात घातला आणि पुढे ओढलं. ते घसरून तुझ्या नाकावर आलं. तू आतून ओरडलास, "लाइट गेली!" चाचा म्हणाले, "दिसला काय मास्तर? ह्यो ऱ्हाणार नाय."

आणि मी म्हणालो, "तुम्ही ओढताय म्हणून आलं. रस्त्यात ह्याला मागून कोण ओढणार आहे?"

हे वाक्य मी गेल्या महिन्यात इतक्या वेळा मनातल्या मनात म्हटलंय की आता त्याचे शब्द सुटे सुटे वाटतात. दुकानात तेव्हा दोनतीन माणसं होती, ती हसली. मला विनोद जमला असं वाटलं. चाचांनी खांदे उडवले. "मापात तुमचा हात कोण धरणार, मास्तर," ते म्हणाले. त्यात थोडा मान होता आणि थोडी कंटाळलेली माघार होती.

तू मात्र परत छप्पन्नाचं उचललंस. ते मला विसरता येत नाही. पुन्हा घातलंस, डोकं जोरात हलवलंस आणि म्हणालास, "भावोजी, घट्ट हाय, पण हलत नाय हो." तू मशीनवाला माणूस. अँटेनाचा स्क्रू किती आवळायचा ते तुझ्या हाताला कळायचं. तुला कळलं होतं, दिगू. मी म्हणालो, "या उकाड्यात घट्ट घेतलंस तर आठ दिवसांत ते गाडीच्या हँडलला टांगून फिरशील. डोक्यावर राहील असं घे." तू एक क्षण माझ्याकडे बघितलंस. मग ते काढून काउंटरवर ठेवलंस आणि म्हणालास, "तुमी म्हणाल तसं."

मी वाईट मनाने बोललो नव्हतो. तू ते घालावंस म्हणूनच सैल घेतलं होतं. पण हे आता कुणाला सांगू? सांगून तरी तुझं काय भलं होणार आहे?

आठवडाभर तू गप्प होतास. मग एकदा मिरजोळ्याहून आलास आणि म्हणालास, सड्यावरच्या उघड्या माळावर वारा लागला की हे वर उचलतं. मान वळवली तर डोकं वळतं आणि हे मागून येतं. मी म्हणालो, पट्टा आवळ. पट्टा आवळलास तर गळ्याला काचायला लागला, घोट गिळता येईना. मग तू तो ढिला ठेवायला लागलास, नुसता नावाला अडकवलेला. मला ते दिसत होतं. मी काय केलं? माझ्याकडचा अस्तराचा मऊ तुकडा घेतला, त्यात कापूस भरून गादी शिवली आणि आतून कपाळाच्या जागी टाचून दिली. सुबक काम झालं होतं. मी ते दोन गिऱ्हाइकांना दाखवलंही. चार दिवसांत घामाने कापसाचा गोळा झाला आणि तू तो उपटून टाकलास.

तुझ्या शेवटच्या रविवारी आपलं भांडण झालं. तू म्हणालास, "आपण चाचांकडे जाऊन बदलून बघूया. छप्पन्नाचं अजून असेल." मी पाटावर बसलो होतो, समोर भात होता. मी म्हणालो, "सात महिने डोक्यावर घासलेलं कोण परत घेणार? लाज नाही वाटत?" तू म्हणालास, "मग नवीन घेतो." आणि मला राग आला. नवीन घेणं म्हणजे मी चुकलो होतो हे चाचांच्या दुकानात जाऊन सांगणं. मी म्हणालो, "तुला मापातलं काय कळतं? बाह्या तरी उजव्याडाव्या लावता येतात का?" ताई हसली. तू हसला नाहीस. ताटावरून उठलास, हात धुतलेस, "जाऊं दे," म्हणालास. त्यानंतरचे दोन दिवस आपण एकमेकांशी कामापुरतं बोललो. बुधवारी सकाळी तू गणपतीपुळ्याला निघालास तेव्हा मी मशीनवरून मान वर केली नाही. तू "येतो हो" म्हणालास, ते मला ऐकू आलं होतं. मी उत्तर दिलं नाही.

चाफे गावाच्या अलीकडे सड्यावर वळण आहे. चिऱ्यांचे ट्रक तिथून जातात आणि वळणावर जांभ्याचा चुरा सांडतात. गुरं चारणारा एक म्हातारा तिथे होता, त्याने सांगितलं, गाडी जोरात नव्हती. चुऱ्यावर चाक सरकलं, गाडी आडवी झाली आणि तू उताणा पडलास. "टोपी आधी गेली हो," तो मला म्हणाला, "वाऱ्यानं जावी तशी गेली. त्या करवंदीच्या जाळीत. मग पोराचं डोकं दगडावर." तुझ्या हातांना खरचटलं होतं, एक गुडघा सोलला होता. बस्स. बाकी अंग धड होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, हेल्मेट नव्हतं का? मी म्हणालो, होतं.

तू सोळा तास श्वास घेत होतास. मी तुझ्या कानाशी बसून बोललो, पण भलतंच बोललो. अँटेनाबद्दल बोललो, आपल्या टीव्हीत पुन्हा मुंग्या आल्यात, उठ आणि बघ, असलं काहीतरी. चुकलो, एवढा एक शब्द म्हणायला मला सोळा तास पुरले नाहीत.

आता गावात काय म्हणतात माहीत आहे? म्हणतात, हेल्मेट घालून काय उपयोग, दिगू बघा, हेल्मेट होतं तरी गेला. तुझं बघून रेडिओच्या दुकानातल्या तुझ्या दोस्ताने हेल्मेट घेतलं होतं, त्याने ते घरी ठेवून दिलं. म्हणाला, नशिबात असेल ते होतं. मी तिथेच होतो. मला उठून सांगता आलं असतं की, अरे, ते हेल्मेट त्याच्या मापाचं नव्हतं, तू आपलं घाल. मी बटणं लावत बसलो.

आणि तुझी ताई. जो कुणी भेटायला येई त्याला ती एकच सांगायची. "आमच्या ह्यांनी स्वतः जाऊन, माप घेऊन, नीट बघून दिलं होतं हो. करायचं ते सगळं केलं होतं आम्ही. पुढे देवाची मर्जी." रडता रडता ती हे म्हणायची आणि मग थोडी शांत व्हायची. तुझ्या आईलाही तिने हेच सांगितलं. म्हातारीने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, दिगू. माझ्या.

म्हणून सांगता येत नव्हतं. तिच्याकडे तेवढंच एक टेकायला होतं. शिवाय ती रोज संध्याकाळी तुझ्याबद्दल बोलायची. दुकानातून आलो की आम्ही दोघं ओटीवर बसायचो आणि ती सुरू करायची. लहानपणी तू पडवीतल्या कणगीत लपून झोपलास आणि सगळा गाव विहिरीत गळ टाकून शोधत बसला, ही गोष्ट तिने मला चार वेळा सांगितली. मी चारही वेळा ऐकली. सुख नव्हतं ते, पण दिवस पार पडत होता.

मग हेल्मेट आणलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी चाचा दुकानात आले. हातात विजारीचं कापड होतं, ते निमित्त. माप द्यायला उभे राहिले. मी कंबर घेतली, उंची घेतली. ते खाली न बघता म्हणाले, "मास्तर, मीच जोर करायला हवा होता. धंद्याला बसलोय, पण तुमच्यापुढं बोलायला लाजलो. रोज नमाजाला बसलो की पोराचं तोंड दिसतं." मी टेप धरून तसाच गुडघ्यावर बसलेला. त्यांना म्हणायला हवं होतं की चाचा, तुम्ही सांगितलं होतंत, मी ऐकलं नाही, हे तुमच्याकडे घेऊ नका. मी नुसती त्यांची उंची पुन्हा मोजली. ते गेल्यावर मी दुकान दुपारीच बंद केलं. एक परका माणूस माझी चूक स्वतःच्या डोक्यावर घेऊन हिंडतोय आणि मी घरात बायकोकडून चांगला म्हणवून घेतोय, हे आता सोसवेना.

शालन पडवीत सुपात तांदूळ निवडत होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. छप्पन्न, अठ्ठावन्न, दोन बोटं, चाचांनी ओढून दाखवलं ते, मी केलेला विनोद. तिचे हात थांबले नाहीत. खडे काढून बाजूला ठेवत होती.

"त्याच्या मापाचं होतं तिथं?"

"होतं."

"त्यानं घालून बघितलं?"

"बघितलं. दोनदा."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, घट्ट आहे पण हलत नाही."

मग तिचे हात थांबले. मी वाट बघत होतो. तिने मला शिव्या द्याव्यात, सूप फेकावं, माहेरी निघून जावं, कशालाही मी तयार होतो. माझ्या धंद्यात चूक झाली तर उसवतात आणि पुन्हा शिवतात, दुसरं मला काही येत नाही. मला वाटलं, ती रागावेल, रडेल, मग कधीतरी काहीतरी पुन्हा जोडता येईल.

ती म्हणाली, "रविवारी तो बदलायचं म्हणाला तेव्हा मी हसले होते."

मी म्हणालो, "तुला काय माहीत होतं?"

"नव्हतं माहीत. तोपर्यंत बरं होतं," ती म्हणाली. मग सूप उचलून उठली. "आईला सांगू नका. तिला मी तोंडानं सांगितलंय, ह्यांनी बघून दिलं म्हणून. ते तसंच राहू दे." आणि आत गेली.

म्हणजे माझं ओझं हलकं करायला गेलो आणि त्यातलं अर्धं तिच्या डोक्यावर ठेवून आलो. ती फक्त हसली होती. आता तेवढं हसणं तिला जन्मभर पुरेल.

भांडण झालं नाही, दिगू. अबोलाही नाही. वेळेवर चहा मिळतो. नळाचं पाणी गेलं की सांगते, वाण्याकडून काय आणायचं ते सांगते, माझ्या खोकल्याला काढा करून देते. ओटीवर मात्र येऊन बसत नाही. काल जेवताना मी मुद्दाम विषय काढला. म्हणालो, दिगूला हे कुळथाचं पिठलं फार आवडायचं. तिने भाताचं पातेलं उचललं आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. नंतर येऊन विचारलं, ताक हवं का.

तिने तुझं नाव टाकलं. माझ्यासमोर ती आता ते घेणार नाही, हे मला कळलंय. महिनाभर तेवढंच आम्हा दोघांकडे होतं, तेही मी घालवलं. तुझ्याबद्दल बोलायला या घरात मला कुणी उरलं नाही, दिगू, म्हणून हे सगळं तुलाच सांगत बसलोय.